आमची लिंक काढून टाका

बाथरूमच्या फरश्या विकणाऱ्या एका दुकानाने माझ्या मेतकुटाची तारीफ केली, तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. वाचण्यात चूक नव्हती. 'घर की शोभा बढ़ाने के लिए सही टाइल चुनें', त्याखाली 'फिसलन से कैसे बचें', आणि त्याखाली, काही कारण नसताना, 'मेतकूट बनाने की सबसे अच्छी विधि यहाँ देखें'. त्यावर बोट ठेवलं की थेट आमच्या साइटवर, माझ्या लेखावर.

मी सुनेला हाक मारली. "अगं, मेतकूट सांडलं की फरशी घसरडी होते, असं मी कुठे लिहिलंय का?"

ती हसली नाही. तवा उतरवत म्हणाली, "आई, लिंक आहे ती. चांगली गोष्ट आहे."

अनोळखी माणसाने कौतुक केलं तर मी आधी दाराची कडी बघते. त्या दिवशी तर फरशीवाल्याने केलं होतं.

आधी आमचं घर सांगते. झाशीच्या सीपरी बाजारात, खाली बॅटऱ्यांचं दुकान, वर आम्ही. सासरची माणसं झाशीतली जुनी. इतकी जुनी, की आमच्या घरातले काही शब्द ऐकून नागपूरची माझी बहीण विचारते, "हे कुठलं गं मराठी?" आणि नातवंडांना मराठीत विचारलं तर ती हिंदीत उत्तर देतात, तेही मोबाइलमधून डोकं न काढता. मुलगा सरकारी कंपनीत इंजिनिअर. त्याची बदली झाली पार खाली दक्षिणेत, समुद्राकाठी. नातवंडं दोन्ही बाहेर शिकायला, तेव्हा प्रश्न आम्हा तिघांचाच होता. त्याचं म्हणणं, सगळ्यांनी जायचं, घर भाड्याने द्यायचं. मला समुद्राशी काही वैर नाही, पण या वयात मला भाजीवाल्याशी भांडायला नवी भाषा शिकायची नव्हती.

सुनेने त्याच सुमारास गच्चीवरच्या खोलीत छोटी चक्की बसवली होती. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला. बरण्या भरून कुरियरने पाठवायची. एका रात्री जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं, "दिवाळीपर्यंत कामाने जोर धरला तर मी इथे राहते, आईंजवळ. नाही धरला तर चक्की विकते आणि सगळे जाऊ." त्याने बरं म्हटलं. मी वरणात तूप वाढून घेतलं. म्हणजे मी माझ्या घरात राहणार की नाही, हे मेतकुटावर ठरणार होतं.

काम आम्ही वाटून घेतलं होतं. ती भाजायची, दळायची. मी लिहायची. साइटवर लेख लागतात म्हणे, नुसत्या बरणीच्या फोटोने कुणी येत नाही. मग मी लिहिलं. डाळी वेगवेगळ्या का भाजायच्या, सगळ्या एकदम कढईत टाकल्या तर उडीद करपतो आणि हरभरा कच्चा राहतो ते कसं. उन्हाळ्यात लू वाहते त्या दिवसांत भाजणी का करून ठेवायची. मराठीत लिहायची आणि मग तेच हिंदीत. मला माझे लेख फार आवडत. रोज एकदा उघडून वाचायची. सून म्हणायची, "आई, तुमच्या वाचण्यानेच आकडा वाढतोय."

कारण बाकी कुणी येत नव्हतं. सर्चमध्ये आम्ही तिसऱ्या पानावर होतो.

मग आले लिंकवाले भैया. बाजारातच, बुटांच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. केस चापून बसवलेले, चहा बिनसाखरेचा. लॅपटॉप उघडून त्यांनी माझे लेख वरपासून खालपर्यंत सरकवले, इतक्या वेगाने की त्यांनी एक ओळसुद्धा वाचली नसणार.

"अम्माजी, लेख तो आपके बहुत बढ़िया हैं. पर अकेला लेख क्या करेगा? आपको जानता कौन है?"

"झाँसी में मुझे कौन नहीं जानता?"

"झाँसी में नहीं अम्माजी. इंटरनेट पे." मग त्यांनी मला कळेल अशा भाषेत सांगितलं. "मान लीजिए लड़की बहुत गुणी है. घर में बैठी है. जब चार अच्छे घर बोलेंगे कि हाँ भई, लड़की अच्छी है, तभी तो रिश्ता आएगा? लिंक वही है. दूसरी साइट बोलती है कि इनके यहाँ जाओ."

"और वो चार घर लड़की को जानते हैं?"

त्यांनी कानामागे खाजवलं. "वो हम जनवा देंगे."

इथेच मी उठून चहाचे कप उचलायला हवे होते. कारण हा धंदा मला नवा नव्हता. उलट, या माणसाचा जन्मही झाला नव्हता तेव्हा मी त्यात पारंगत होते.

नवी नवरी होऊन मी झाशीत आले तेव्हाची गोष्ट. तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच होते. नागपूरहून आलेली, नाकात नवी नथ, आणि डोक्यात हे, की या परगावात आपलं नाव व्हायला हवं. नाव कसं होतं? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला किती बायका आल्या त्यावरून. झाशीत मराठी घरं मोजकी. त्यात जुन्या घराण्यांतल्या बायका कारखान्याच्या कॉलनीतल्या मराठी बायकांकडे जात नसत आणि कॉलनीतल्या यांच्याकडे येत नसत. या विदुषीने दोन्हीकडे संधान बांधलं. "तू माझ्याकडे तुझ्या आळीतल्या बायका आण, मी तुझ्याकडे माझ्या आणते." मग तिच्या ओळखीची आणखी कुणी, तिच्या शेजारची, शेजारणीची भाडेकरू. पंजाबीण आली, दोन बंगाली आल्या, एक बाई नुसती गर्दी बघून आत आली. बसायला जागा नाही, वाणाच्या साबणदाण्या संपल्या, आणि आमच्या या बाईसाहेब उंबऱ्यात उभ्या, जशा काही झाशीच्या कलेक्टर. सासूबाईंनी विचारलं, "यातल्या किती जणींना तू ओळखतेस?" मी तोऱ्यात म्हटलं, "त्या मला ओळखतात ना." तेवढ्यात एक बाई वाण घेऊन निघता निघता मला विचारते, "बहनजी, ये किसका घर है?"

पुढच्या वर्षी मी आजारी पडले, आणि त्या घरभर बायकांमधली एकही बघायला आली नाही. त्या का येतील? त्या साबणदाणीला आल्या होत्या.

असो. एवढं ठाऊक असूनही मी लिंकवाल्यांना जाऊ दिलं नाही, काम त्यांना दिलं. कारण सुनेने माझ्याकडे बघितलं. दिवाळीची मुदत जवळ येत होती. तिच्या डोळ्यांत मला ती चक्की दिसली.

आकडा चढला. सून मोबाइलवर रेघ दाखवायची, रेघ वर वर जायची. मी विचारलं, "बरण्या किती गेल्या?" ती म्हणायची, "जातील." बरण्या दोन-चार जात होत्या, त्या आधीही जात होत्या. मला त्या रेघेचा संशय येऊ लागला. माणसं घरात येतात आणि पाणीसुद्धा मागत नाहीत, ही कसली माणसं?

आणि मग एका सकाळी आम्ही तिसऱ्या पानावरही नव्हतो. चौथ्यावर नाही, पाचव्यावर नाही. सुनेने भैयांना फोन लावून माझ्या हातात दिला. ते हवामान खात्यासारखे बोलले, "अपडेट आया है अम्माजी, ऊपर से, सर्च वालों का. सबका गिरा है."

"सबका गिरा या आपकी लिंक वालों का?"

"अब आप तो शक करती हैं."

मी म्हटलं, हो, करते. त्या दिवसापासून त्यांचा चहा बंद झाला.

सुनेने मला एक पान उघडून दिलं. आपल्याला कोणकोण लिंक देतं ते त्यात दिसतं. सकाळचा चहा झाला की मी भिंग घेऊन त्यावर बसायची. काय मंडळी होती! एक जुगाराचा. एक टकलावर केस आणून देणारा. एक प्लॉट विकणारा, एक परीक्षेतले प्रश्न आधीच सांगणारा. सगळे एकमुखाने म्हणत होते की मेतकूट माझंच खावं. माझ्या हळदीकुंकवाच्या बायका बऱ्या म्हणायच्या, निदान त्या नटून तरी आल्या होत्या.

त्यांतच एक पान होतं गरौठ्याचं.

ते मी सगळ्यात जास्त वेळ वाचलं आणि सगळ्यात जास्त संशयाने. कुणा बाईने चालवलेलं, डाळींविषयी. कुठली डाळ कशी भाजावी, कीड लागू नये म्हणून काय करावं. बाईचा फोटो नाही. खाली लिहिलेलं: 'हमने चार बार बनाया, तीन बार बिगड़ा. पर चीज़ ऐसी है कि सादा चावल भी दावत लगे. झाँसी की एक अम्मा हैं, पूरा उन्हीं के यहाँ पढ़िए.'

आता तुम्हीच सांगा. गरौठा म्हणजे तहसिलीचं गाव, चारी बाजूंनी शेती. तिथे मराठी घर नाही. असतं तर आम्हाला कळलं असतं. आमच्या लोकांत कुणाच्या घरी कुठला कुकर आहे तेही सगळ्यांना ठाऊक असतं. आणि मराठी घर नाही तिथे मेतकूट कोण चार वेळा करणार? आम्हाला इथल्या शेजारणी अजून विचारतात, "ये पीला-पीला क्या डालती हो चावल में, दवाई है?" मी ताडलं. हेही लिंकवाल्यांचंच काम, फक्त या वेळी जरा हुशार माणूस बसवलाय. जुगारवाला निदान तोंडावर जुगारवाला होता. ही बाई 'तीन बार बिगड़ा' असं लिहून खरेपणाचा आव आणत होती.

मी सुनेला काही न विचारता सगळ्यांना निरोप लिहिला. हिंदीत, चांगल्या खणखणीत हिंदीत: 'हमारा आपसे कोई संबंध नहीं है. हमारी लिंक तुरंत हटाइए. ऐसे हथकंडे शरीफ़ घरों में नहीं चलते.' शेवटच्या वाक्यावर मी बेहद्द खूष होते.

जुगारवाल्याचं उत्तर नाही. टकलावाल्याचं नाही. फरशीवाला तर ढिम्म. उत्तर आलं एकट्या गरौठ्याहून. 'हटा दी. क्षमा करें अम्मा. हमें पता नहीं था कि आपको बुरा लगेगा.'

मी मोबाइल नाचवत स्वयंपाकघरात गेले. "बघ, पकडली गेली म्हणून कशी घाबरली!"

सुनेने वाचलं. माझा निरोप वाचला, तिचं उत्तर वाचलं. मग पाठवलेल्या बरण्यांचे पत्ते काढून माझ्यापुढे धरले. गुरसराय, मऊरानीपुर, उरई, आणि गरौठ्यालाच दोन. गेल्या काही महिन्यांत ज्या काही बरण्या गेल्या, त्यांतल्या बहुतेक त्या बाईच्या पानावरून आलेल्या माणसांनी मागवल्या होत्या.

"आई, तुम्ही इतक्या जणांना लिहिलंत. उत्तर कुणी दिलं?"

"गरौठावालीने."

"बाकीच्यांनी का नाही दिलं?"

"कोडगे आहेत मेले."

"नाही आई. तिथे कुणी नाहीच आहे. त्या सगळ्यांत माणूस एकच होतं."

तिने गॅस बंद केला आणि गच्चीवर निघून गेली. चक्कीचा आवाज आला नाही. मी खाली बसून बराच वेळ तांदूळ निवडले. ते आधीच निवडलेले होते.

दुसऱ्या दिवशी सुनेने त्या बाईला मेसेज केला, माफी मागितली. उत्तर नाही. पानावर त्यांच्या डाळमिलचा फोन होता, तिथे लावला. कुणी माणूस म्हणाला, "भौजी फोन पे बात नहीं करतीं ऐसी. आना हो तो आ जाओ." आम्ही निघालो. सकाळची बस, खिडकीत मी, शेजारी तोंड मिटलेली सून. बसवाल्याने विचारलं, "एरच जाना है क्या, अम्मा? एरच वाली पीछे खड़ी है." एरच म्हणजे प्रल्हादाचं गाव. मी म्हटलं, माझा चेहरा तीर्थाला निघाल्यासारखा दिसतोय की काय.

"बरणी घ्यायला हवी होती का गं बरोबर?" मी हळूच विचारलं.

"नको. लाच वाटली असती."

वाटेत ती एवढंच बोलली.

डाळमिलच्या मागेच घर. अंगणात चण्याची पोती, हवेत तो कोरडा डाळीचा वास, नाकात जाऊन शिंक काढणारा. बाई खाटेवर बसलेली, पन्नाशीची, भरदार, बोटांत अंगठ्या. साधीभोळी वगैरे मुळीच नव्हती. तिने आम्हाला पाणी दिलं आणि बसायच्या आधीच विचारलं, "किसने भेजा है?"

"किसी ने नहीं. हम अपने आप आए हैं."

"वो बूट की दुकान के ऊपर वाला लड़का?"

"आप उसको जानती हैं?" सुनेने विचारलं. बाई म्हणाली, "दो बार आ चुका यहाँ. लैपटॉप खोल के दिखाता था, देखिए, झाँसी वाली अम्माजी को हमने कहाँ-कहाँ जोड़ा है. आप भी जुड़ जाइए. हमने देखा तो जुए वाले, गंजेपन वाले, सब आपका गुणगान कर रहे. हमने सोचा, हे भगवान, हमने किनके संग अपना नाम जोड़ दिया. हम हटाने की सोच ही रहे थे कि आपका संदेश आ गया." आणि तिने माझं वाक्य मला तोंडपाठ म्हणून दाखवलं. "ऐसे हथकंडे शरीफ़ घरों में नहीं चलते."

सुनेने मान खाली घातली. हसू दाबायला असावी. मला तेव्हा ते बघायचं नव्हतं.

म्हणजे मी तिला खोटी समजत होते त्याच वेळी ती मला खोटी समजत होती, आणि तिच्याकडे माझ्यापेक्षा पुरावा जास्त होता.

तरी माझी खोड जाईना. मी विचारलं, "बहनजी, बुरा मत मानिए. आपको मेतकूट का पता कैसे चला?"

तिने सांगितलं. पहिल्या बाळंतपणाला ती झाशीच्या इस्पितळात होती. शेजारच्या खाटेवर कुणी मराठी बाई. तिच्या घरून रोज मऊ भात यायचा, वर तूप आणि पिवळी पूड. हिला काही खाववत नव्हतं. त्या बाईने आपल्या डब्यातला अर्धा भात हिच्या ताटलीत वाढला. नाव विचारायचं राहून गेलं. मग कित्येक वर्षं ती दिसेल त्याला विचारत होती, ती पिवळी पूड कसली. शेवटी लेकीने मोबाइलवर शोधून दिलं.

"हम तो तीसरे पन्ने पर थे," सून म्हणाली. "वहाँ तक कौन जाता है?"

"हम गए."

गोष्ट जरा जास्तच गोड होती. मी ताबडतोब गळ टाकला. "उसमें हरी मिर्च तो बहुत रही होगी?"

"मिर्च काहे की?" ती भडकली. "मिर्च होती तो जच्चा को देते? आप हमारी परीक्षा ले रही हैं?"

बाई खरी होती. मला फार बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं, आणि दोन्ही एकदम वाटलं की मी काय करते, तर पदराने चष्मा पुसते.

सून लिंकचं बोलली. आमचं काय अडलंय तेही लपवलं नाही, दिवाळी, बदली, चक्की, सगळं. बाईने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळली. "लिंक तो लगा दें. पर आप लिखती कैसा हैं, अम्मा? लिखा है, 'हमेशा वाली कटोरी से नापें'. किसकी हमेशा? 'तब तक भूनें जब तक वो खुशबू न आए'. कौन सी खुशबू? जिसने जनम में नहीं सूँघी वो क्या जाने? हमारी तीन बार की दाल आपकी उसी खुशबू में जली है."

मी म्हटलं, आमच्याकडे सगळ्यांना कळतं.

"तो फिर आपके वालों को लेख की ज़रूरत का है?"

आमच्या माणसांना मेतकूट येतं. ते कशाला वाचतील? मी आजवर जे लिहीत होते ते ज्यांना येत होतं त्यांच्यासाठी, आणि वाचत होते मी. माझ्या लेखांवर माझा इतका जीव होता की त्यांचा मला कधी संशय आला नाही, आणि तोच घ्यायला हवा होता.

तिने मला उठवून स्वयंपाकघरात नेलं. "बनाइए. हमारे सामने." मी पदर खोचला. मी मुठीने हरभरा डाळ घेतली की ती माझा हात धरायची, ती डाळ ग्लासात ओतून बघायची आणि मगच कढईत जाऊ द्यायची. सून मोबाइलवर टिपून घेत होती. उडदाची डाळ गुलाबी झाली तेव्हा मी म्हटलं, "ये, ये वाली खुशबू!" तर बाई कढईवर वाकली, डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाली, "ये तो सिके हुए चने के ठेले वाली है. ये लिखतीं ना, सारा बुंदेलखंड समझ जाता." चाळीस-पन्नास वर्षं मी ही पूड करतेय, मला कधी ठेला सुचला नाही.

मिक्सर फिरला. तिने गरम भात मागवला, तूप घातलं, चमचाभर पूड घातली, घास घेतला. आम्ही दोघी सासू-सुना तिच्या तोंडाकडे बघत उभ्या, मुलगी दाखवायला आणल्यासारख्या.

"हींग कम है."

"हींग ठीक है," मी म्हटलं.

"उस दिन वाले में ज़्यादा थी."

"वो उनके घर की रही होगी. हमारे यहाँ इतनी ही पड़ती है."

"तो आपके यहाँ कम पड़ती है."

सुनेने माझं कोपर दाबलं. मी हिंगावर एक शब्द बोलले नाही, आणि ते किती जड गेलं ते माझं मला ठाऊक. लिंकचं विचारलं तर बाई म्हणाली, "पहले लेख ठीक कीजिए. फिर देखेंगे."

परतीच्या बसमध्ये सून बोलली. बरंच बोलली. डोकं माझ्या खांद्यावर टेकून झोपली पण.

मी लेख पुन्हा लिहिला. ग्लासाच्या मापाने, कढई किती जाड, आच किती, रंग कुठपर्यंत, वास कसला. हिंदीत आधी, मराठीत नंतर, जेणेकरून मला 'आपल्याकडे करतात तसं' म्हणून सटकता येऊ नये. लिहिताना कंटाळा आला. ज्याला काहीच ठाऊक नाही त्याच्यासाठी लिहिणं म्हणजे लहान मुलाला भरवण्यासारखं, घास मोडून द्यावा लागतो. सुनेने इकडे जुगारवाल्याला, टकलावाल्याला, सगळ्यांना आपण ओळखत नाही असं सर्चवाल्यांकडे रीतसर कळवून टाकलं. तशी सोय असते म्हणे. मला आधी सांगितलं असतं तर मी गरौठ्यालाही तिथेच घातलं असतं, म्हणून तिने आधी सांगितलं नव्हतं, असा माझा कयास आहे.

दसरा झाला. रोज सकाळी मी गरौठ्याचं पान उघडायची. डाळी, पोती, कीड. आमचं नाव नाही. मुलाने सामान नेणाऱ्या ट्रकवाल्याशी बोलणं सुरू केलं, हळू आवाजात, जसं काही मला ऐकू येत नाही.

आणि मग लागली लिंक. सुनेने वाचून दाखवली: 'झाँसी वाली अम्मा ने अब ठीक से लिख दिया है, पहली बार में ही बन गया. बस हींग कम बताती हैं. आप दूनी डालिए और अम्मा को मत बताइए.'

माझा तिळपापड झाला. "ही लिंक आहे की बदनामी?"

"लिंक आहे, आई."

"काढून टाकायला सांग."

"तुम्हीच लिहा," म्हणून सुनेने मोबाइल माझ्या हातात दिला. मी म्हटलं, बरं, राहू दे.

पण मी गप्प बसणारी थोडीच. लेखाखाली मी हिंगाची बाजू मांडली, सविस्तर. तिने तिच्या पानावर उत्तर दिलं. मी त्याला उत्तर दिलं. बघ्यांना तेवढंच हवं असतं. उरईची कुणी आहारतज्ज्ञ बाई म्हणाली, बाळंतिणीला जास्त हिंग चांगला, आणि तिने आम्हा दोघींच्या लिंका दिल्या. कारखान्याच्या कॉलनीतल्या एका मुलीने दोन्ही प्रकारचं मेतकूट करून बघितलं आणि आपल्या पानावर लिहिलं, माझी बाजू घेऊन. मी तिला आंब्याचं लोणचं पाठवलं. सून ओरडली, "आई, लोणचं लिंक देण्याआधी पाठवलंत की नंतर?" नंतर. देवाशपथ नंतर. आणि ही सगळी माणसं होती. मी एकेकीला मेसेज करून खात्री केली. सगळ्यांनी उत्तरं दिली, दोघींनी तर उलट मलाच विचारलं, की तुम्ही खऱ्याच आजी आहात ना?

दिवाळीच्या आधी आम्ही पहिल्या पानावर आलो. एकदम खाली, पण पहिल्या. बरण्या कमी पडू लागल्या, चक्की दुपारीही चालू राहू लागली. सुनेने एक चिमटीभर हिंग जास्त घातलेली बरणी वेगळी काढायला सुरुवात केली. ती माझ्यापासून लपवते. मला वासावरून कळतं.

मुलगा एकटाच गेला. स्टेशनवरून परत आल्यावर सून तडक गच्चीवर गेली, मी धापा टाकत मागोमाग. म्हटलं, "आता खरं सांग. मेतकुटासाठी राहिलीस, की नवऱ्यापासून जरा सुटका म्हणून?"

"दोन्ही, आई."

"आणि माझ्यासाठी?"

तिने डाळ भरलेलं सूप माझ्या मांडीवर ठेवलं. "निवडा," म्हणाली, आणि चक्की सुरू केली. त्या आवाजात पुढचं काही ऐकू येणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.